डेटाबेस जोडला जात नाही? आधी एररचा आकडा वाचा

रत्नागिरीत आमच्याकडे कोडिंग शिकायला येणाऱ्या पोरांचा सुरुवातीचा बराच वेळ कोड लिहिण्यात नाही, डेटाबेस जोडण्यात जातो. त्यावर सगळ्यांचा ठरलेला उपाय म्हणजे झॅम्प (वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज) काढा आणि परत टाका. असलं काही करू नका. एररमधला आकडा वाचा.

मायएसक्यूएल, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा सर्व्हर, जोडताना २००३ दिसला तर पलीकडे ऐकायलाच कुणी नाही. सर्व्हर बंद असेल किंवा पोर्ट, म्हणजे सर्व्हर ज्या नंबरच्या दारावर ऐकतो तो नंबर, चुकला असेल. १०४५ आला तर उलट बरं म्हणायचं; सर्व्हर चालू आहे, फक्त युजर किंवा पासवर्ड त्याला मान्य नाही. १०४९ म्हणजे त्या नावाचा डेटाबेसच नाही. बहुतेकदा स्पेलिंग.

खरा चकवा लागतो तो एकाच कॉम्प्युटरवर दोन सर्व्हर असले की. कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी कधीतरी मायएसक्यूएल वेगळं टाकलेलं असतं. ते विंडोजबरोबर आपोआप सुरू होतं आणि ३३०६ पोर्ट धरून बसतं. मग झॅम्पमधला मारियाडीबी (मायएसक्यूएलचाच भाऊबंद) सुरूच होत नाही, आणि तुमचा प्रोग्रॅम मात्र त्या दुसऱ्याच सर्व्हरला जाऊन धडकतो. झॅम्पमध्ये रूटचा, म्हणजे मुख्य युजरचा, पासवर्ड मुळात रिकामा; वेगळ्या टाकलेल्या मायएसक्यूएलमध्ये तो तुम्हीच ठेवलेला. १०४५ येणारच! पोर्ट कुणाकडे आहे ते कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅटला 'एएनओ' जोडून (netstat -ano) बघा. ३३०६ च्या ओळीत शेवटच्या रकान्यातला पीआयडी (चालू प्रोग्रॅमचा नंबर) टास्क मॅनेजरमध्ये शोधला की चोर सापडतो. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन त्या मायएसक्यूएलची सर्व्हिस थांबवा आणि स्टार्टअप 'मॅन्युअल' करा.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. यूपीएस नसेल तर सर्व्हर चालू असतानाच कॉम्प्युटर बंद पडतो. पुढच्या वेळी इनोडीबी, म्हणजे सर्व्हरमधला टेबलं साठवणारा भाग, सहसा स्वतःच सावरतो. नाहीच सावरला तर झॅम्पमधलं 'लॉग्स' बटण दाबून शेवटच्या ओळी वाचा. 'डेटा फोल्डरमधली आयबीडेटा१ ही फाइल डिलीट करा' असा सल्ला देणारा कुणीतरी भेटेलच. त्याचं ऐकू नका, टेबलांची माहिती त्यातच असू शकते. काहीही करण्याआधी सर्व्हर बंद ठेवून अख्खा डेटा फोल्डर दुसरीकडे कॉपी करा.

आणि गणपतीला गावी निघताना पीएचपीमायॲडमिनमधून (ब्राउझरमध्ये डेटाबेस हाताळायचं झॅम्पमधलं साधन) एक्सपोर्ट, म्हणजे डेटाबेसची प्रत, घ्या, झॅम्पमध्ये स्टॉप दाबा, मगच मेन स्विच.