श्रावणातल्या तिजाणीत स्पिरुलिना

श्रावण लागला की आमच्या फोंड्याच्या घरात नुस्ते म्हणजे मासे बंद. मला शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवणाचं वावडं नाही, पण सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंच्या ताटात मग भात, भाजी आणि वरणाचं पाणी एवढंच उरतं. या वयात स्नायू आधीच झिजत असतात. म्हणून त्यांच्या तिजाणीत, म्हणजे नाचण्याच्या गोड पेजेत, मी स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या शेवाळाची पूड घालते.

आधी हिशेब बघा. या शेवाळात वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात हे खरं, पण चहाचा चमचाभर पूड भरते जेमतेम अडीच ग्रॅम. म्हणजे हाती येतात दीड ग्रॅमच्या आत प्रथिनं. एका अंड्यात सहा असतात. पंचावन्न किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम हवीत. तेव्हा अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), मुगागाठी (मोडाच्या मुगांची आमटी), दही हे ताटात हवंच. डब्यावर काहीही छापलेलं असो! हाडांचं म्हणाल, तर चमचाभर पुडीत कॅल्शियम नावापुरतं. ते येतं नाचण्यातून, १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम. बी-१२ साठीही या पुडीवर विसंबू नका, तिच्यातलं बहुतेक बी-१२ आपल्या शरीराला वापरता येत नाही.

तिजाण नेहमीसारखीच करायची: नाचणे भिजवून, वाटून, गाळून घ्या, गूळ आणि नारळाचा रस घालून सतत ढवळत शिजवा. खाली उतरवून कोमट होऊ द्या. पूड वाटीत दोन चमचे तिजाणीत कालवून मग मिसळा, नाहीतर गुठळ्या होतात. उकळत्यात घातली तर रंग मरतो आणि तळ्याचा वास वर येतो. पहिला आठवडा अर्धाच चमचा, पोटाला सवय होऊ द्या. वेलची थोडी सढळ हाताने. सोलकढीत मात्र घालू नका, चिखलाचा रंग येतो आणि घरात कोणी तोंड लावत नाही.

पुडीचा छोटाच डबा आणा. आपल्या पावसात उघडी पिशवी दोन दिवसांत ओलसर होते. घट्ट झाकण आणि कोरडा चमचा हवाच. जड धातू आणि मायक्रोसिस्टिन या विषाची तपासणी केल्याचं जो उत्पादक दाखवत नाही, त्याचा माल स्वस्त असला तरी नको.

खाऊन नुसतं बसलं तर स्नायू वाढत नाहीत. सासूबाई हात न टेकता खुर्चीवरून दहादा उठतात-बसतात, कुरकुरत का होईना. फेनिलकीटोन्युरिया हा प्रथिनांतला एक घटक न पचवता येण्याचा जन्मजात आजार असलेल्यांनी ही पूड घेऊ नये. संधिवाताची किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डबा आधी डॉक्टरांना दाखवा.