येऊर पेटण्याआधी पूर्वेचा वारा कसा ओळखायचा

फेब्रुवारी लागला की सकाळी चहा टाकायच्या आधी मी गॅलरीत जाते. आमची इमारत ठाण्यात उपवन तलावाजवळ आहे आणि समोरच, पश्चिमेला, येऊरचा डोंगर, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग. गॅलरीच्या गजाला जुन्या सुती साडीची हातभर पट्टी बांधलेली आहे. ती आमच्याकडे फडफडत असेल तर वारा समुद्राकडचा. डोंगराकडे ताणली गेली असेल तर वारा पूर्वेचा, घाटाकडून आलेला. त्या दिवशी वणव्याचा धूर दिसतो का ते बघायला मी दुर्बीण हाताशीच ठेवते.

ठाण्याचा उन्हाळा वाऱ्यावर चालतो. एरवी अकरा-बाराच्या सुमारास समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि पारा आवरतो. पूर्वेचा कोरडा वारा जोरात असला की खाऱ्या वाऱ्याला आत शिरायला दोन-तीन वाजतात. मधल्या तीन-चार तासांत हवा तापून आणखी कोरडी होते आणि डोंगरावरचं गवत कडकडीत होतं. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत मार्चमधलं ४१.७ अंशांचं विक्रमी तापमान २८ मार्च १९५६ रोजी नोंदलं गेलं. मार्चमधल्या अशा चटक्यांमागे बहुतेक वेळा हाच पूर्वेचा वारा असतो. जानेवारी २०२५मध्ये लॉस एंजेलिसमध्ये आगी पसरवणारे सांता आना वारेसुद्धा जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे, कोरडेच होते. तिथली झाडी वेगळी, आगीचा आवाकाही वेगळा. पण वाऱ्याची जात ओळखीची वाटते.

अंदाज वाचताना नुसतं कमाल तापमान बघून थांबू नका. मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार इशारा बघा, त्यात ठाणे वेगळं दिलेलं असतं. आकडे मात्र सांताक्रूझचे धरा. कुलाब्याला तिन्ही बाजूंनी पाणी आहे, तिथला पारा आपल्या डोंगराबद्दल फारसं काही सांगत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. किनारपट्टीवर उष्णतेच्या लाटेचा इशारा देताना तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त आहे का, हे बघतात. तो इशारा माणसाच्या जिवासाठी असतो. डोंगर पेटायला ३५ अंशही पुरतात. त्यामुळे नकाशावर हिरवा रंग दिसला म्हणून निर्धास्त राहू नका.

वणव्यासाठी जगभर तीन तिसांचा ढोबळ नियम वापरतात: तापमान तीस अंशांच्या वर, आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली, वारा ताशी तीस किलोमीटरच्या वर. आपल्याकडे मार्चमध्ये पहिली अट रोजच पूर्ण होते, म्हणून माझं सगळं लक्ष आर्द्रतेवर असतं. तीही दुपारची. सकाळी साडेआठच्या नोंदीत सत्तर टक्के दिसले तरी ते सकाळच्या गारव्याचे असतात, दोन वाजता तिथेच पंचवीस असू शकतात. वाऱ्याच्या बाबतीत मी तिसाची वाट बघत नाही. चढावर ताशी पंधरा-वीसचा वाराही गवताच्या आगीला पळवतो.

मोबाइल नसला तरी अडत नाही. गच्चीवर पापड घातले असतील तर ते किती वेळात वाळतात ते बघा. दुपारच्या आत खडखडीत झाले, तर डोंगरावरचं गवतही तसंच झालं आहे. दुसरी खूण मला येऊरच्या पाटोणपाड्यातल्या एका वारली मावशींनी शिकवली. त्यांनी वाटेवरचं सागाचं पान उचलून माझ्या मुठीत दिलं आणि म्हणाल्या, “दाब.” पानाचा चुरा झाला. “आज विडीचं थोटूकबी पुरं होईल,” त्या म्हणाल्या. पान नुसतं दुमडलं, तर त्यात अजून ओलावा आहे. कारवीवरही नजर ठेवा. ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बी टाकते आणि उभ्याउभ्या वाळते. त्यानंतरच्या उन्हाळ्यात उतारावर काटक्यांचं रान उभं असतं.

आता माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये दुपारी दीडला मला धूर दिसला. मी फोन करून सांगितलं, “येऊरच्या डोंगराला आग लागलीय.” पलीकडून विचारलं, “नेमकी कुठे?” मला सांगता येईना. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान १०० चौरस किलोमीटरहून मोठं, आणि मी नुसतं ‘डोंगर’ म्हणत होते. माणसं भलत्याच वाटेने चढली, अर्धा-पाऊण तास गेला. तेवढ्यात वारा फिरला. तोवर पूर्वेच्या वाऱ्याने आग चिंचोळ्या पट्ट्यासारखी वर गेली होती. खारा वारा आडवा आला आणि त्या पट्ट्याची अख्खी लांब कड पेटत पुढे सरकू लागली. रातव्यासारखे पक्षी उन्हाळ्यात जमिनीवरच अंडी घालतात. त्या संध्याकाळी काळ्या उतारावर एक पक्षी पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन बसत होता. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून आता आमच्या गॅलरीतून दिसणाऱ्या डोंगराचं चित्र मी वहीत काढून ठेवलं आहे. मोठा खडक, विजेचा खांब, पाण्याची टाकी, पायवाट, जवळचा पाडा, सगळं त्यात आहे. तुम्हीही खारघरच्या टेकडीचं, पारसिकचं, जे समोर असेल त्याचं चित्र काढा. धूर दिसला की वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा, वस्तीजवळ असेल तर १०१ वरही. चार गोष्टी सांगा: कोणत्या खुणेजवळ, धूर पांढरा की काळा, कोणत्या बाजूला झुकतोय आणि आग चढावर आहे की सपाटीवर. मोबाइलवर तुमच्या उभ्या जागेचे अक्षांश-रेखांश काढून तेही द्या, पण ती जागा तुमची आहे, आगीची नाही, हे स्पष्ट सांगा.

उपग्रह बघतीलच म्हणून गप्प बसू नका. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाच्या नोंदींवरून आगीचे संदेश येतात आणि ते उपयोगी आहेत. पण त्यातले महत्त्वाचे उपग्रह दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीड-दोनच्या सुमारास डोक्यावरून जातात. तीनला लागलेली आग त्यांना रात्रीपर्यंत दिसणार नाही. तुम्हाला ती तीन वाजून पाच मिनिटांनी दिसेल.

विझवायला धावत वर जाऊ नका. हिरव्या फांद्यांनी आग दाबत कडेकडेने जाणं हे वनरक्षकांचं आणि पाड्यांवरच्या सरावाच्या माणसांचं काम आहे. फिरायला गेलेले असताना सापडलात, तर आगीच्या वरच्या अंगाला थांबू नका, चढावर ती माणसापेक्षा वेगाने येते. ओढ्याच्या घळीतही शिरू नका, ती धुराड्यासारखी आग वर ओढते. आडवे सरका, खाली उतरा, जळून थंड झालेली काळी जमीन मिळाली तर तिच्यावर जा. अंगात सुती कपडे असावेत, नायलॉन कातडीला चिकटतं.

सगळ्यात जास्त उपयोग मात्र खालीच, आपल्या कुंपणापाशी करता येतो. इथले वणवे बहुतेक माणसाच्याच हातून लागतात. आमच्या रस्त्यावरच्या एका सोसायटीत भिंतीमागे पाला जाळायची सवय होती आणि भिंतीपलीकडे जंगलच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६मध्ये उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली. साधा कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००. पण दंड ऐकून माळीदादा पाला न्यायचे कुठे? आम्ही खड्डा खणून दिला, तेव्हा जाळणं थांबलं. कुंपणालगत दोन-तीन मीटर पट्टा गवत काढून मोकळा ठेवा. आत उद्यानाच्या हद्दीत मात्र स्वतःहून जाळरेषा (आग अडवायला गवत जाळून मोकळा केलेला पट्टा) काढू नका, ते काम वन विभागाचं. होळीनंतर राखेवर दोन बादल्या पाणी ओता आणि हात जवळ नेऊन बघा. ऊब लागली तर अजून एक बादली.

पूर्वेच्या वाऱ्याच्या दिवशी रात्री दहाला मी पुन्हा गॅलरीत जाते. तोवर खारा वारा पडून मतलई सुरू व्हायला लागलेला असतो, म्हणजे पुन्हा डोंगराच्याच दिशेने. घरातले सगळे दिवे बंद करते, दोन मिनिटं डोळे अंधाराला सरावू देते आणि डावीकडून उजवीकडे सावकाश बघत जाते. दिवसा न दिसणारं धुमसतं खोड रात्री लाल ठिपक्यासारखं दिसतं. दिसलं, की वही उघडून सगळ्यात जवळची खूण शोधते आणि १९२६ लावते.