जुनी गॅसबत्ती आणि पितळी स्टोव्ह घेताना आधी टाकी बघा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या भंगारवाल्यांकडे आणि जुन्या मांडववाल्यांच्या कोठारात अजून गॅसबत्त्या (पंप मारून रॉकेलवर जळणारे कंदील) आणि पंपाचे स्टोव्ह पडून असतात. महिपालगडावर किंवा कलानिधीगडावर मुक्काम करणाऱ्यांना ही वस्तू फार उपयोगी पडते. वारा असला तरी पंपाचा स्टोव्ह जोरात पेटतो, आणि गॅसबत्तीच्या उजेडात अख्खी पंगत बसते.

मी पहिला स्टोव्ह घेतला तो चकाकी बघून. गडावर पोचल्यावर टाकीच्या बुडाशी दिलेल्या डागातून, म्हणजे कथलाच्या जोडातून, रॉकेल पाझरायला लागलं. ताबडतोब हवा सोडली आणि सहाजणांनी भिजवलेल्या पोह्यांवर रात्र काढली. तेव्हापासून माझा नियम एकच : बर्नर, निपल (रॉकेलची वाफ सोडणारं बारीक भोकाचं तोंड), वायसर (पंपातली चकती), काच, मॅन्टल (गॅसबत्तीत उजेड देणारी जाळीची पिशवी) सगळं बदलता येतं, टाकी बदलता येत नाही.

म्हणून दुकानात गेल्यावर स्टोव्ह आधी पालथा करा. बूड सपाट किंवा आत वळलेलं असावं. बाहेर फुगलं असेल तर कधीतरी जास्त दाब बसला आहे, तो तिथेच ठेवा. मग सांध्यांवरून बोट फिरवा. राखाडी डाग दिसला, किंवा एकाच जागी जास्त पॉलिश मारलेलं वाटलं, तर विचारा. कथलाचा डाग बर्नरच्या उष्णतेत विरघळू शकतो. साधा पोचा चालतो, त्यावरून भाव मात्र पाडून घ्या. खिशात छोटा लोहचुंबक ठेवा : पितळेला तो चिकटत नाही, मुलामा दिलेल्या लोखंडाला चिकटतो. लोखंडी टाकी असेल तर झाकण काढून आत बॅटरी मारा आणि गंज बघा.

आता पंप. टाकी रिकामी करून हवेचा स्क्रू आवळा आणि पंप मारा. हाताला जोर लागत नसेल तर चामड्याचं वायसर सुकलं आहे. ते रात्रभर तेलात भिजवलं की बहुतेक वेळा सुधारतं, त्यावरून सौदा मोडू नका. दांडा आपोआप वर येत असेल तर पंपाच्या तळाचा व्हॉल्व्ह गळतो, दुरुस्तीचा खर्च धरा. पंधरा-वीस पंप मारून सांध्यांना, झाकणाला साबणाचा फेस लावा. निपलातून हवा येणारच, दुसरीकडे कुठे बुडबुडे दिसायला नकोत.

एवढं जमलं तर मोकळ्या जागेत पेटवून दाखवायला सांगा. टाकी पाऊणच भरावी, वर हवेला जागा लागते. बर्नरखालच्या कपात स्पिरिट जाळून बर्नर चांगला तापू द्या. घाई केली की पिवळी, काजळीची ज्योत उठते. निळी ज्योत दहा मिनिटं एकसारखी राहिली पाहिजे. कानडी दुकानदार रॉकेलला ‘चिमणी एण्णी’ म्हणतात, तो शब्द लक्षात ठेवा. रॉकेलच्या स्टोव्हमध्ये पेट्रोल कधीच घालू नका, विकणारा काहीही म्हणो. रॉकेल कुठून मिळणार हेही स्टोव्ह घेण्याआधीच ठरवा.

गॅसबत्तीची काच आणि मॅन्टल वेगळे धरूनच भाव करा. जुन्या साठ्यातल्या मॅन्टलमध्ये थोरियम हा किरणोत्सारी धातू असू शकतो, त्याची राख फुंकू नका, नवीन मॅन्टल घ्या. दोन जास्तीची मॅन्टल आणि निपल साफ करायच्या पिना सोबत असू द्या.

पेटलेली बत्ती किंवा स्टोव्ह तंबूत ठेवू नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो.

दुचाकीवरून नेताना काच काढून कापडात गुंडाळा, टाकी रिकामी ठेवा, रॉकेल वेगळ्या कॅनमध्ये घ्या. जळलेलं मॅन्टल राखेसारखं असतं, खानापूर तालुक्यातल्या जांबोटीपर्यंतच्या खड्ड्यांत ते टिकत नाही. नवं मॅन्टल मुक्कामावर पोचल्यावरच बांधा.