सॅलिसिलिक आम्लाचं द्रावण: बियाणं भिजवण्यासाठी आणि फवारणीसाठी कसं तयार करावं

सॅलिसिलिक आम्ल हे खत नाही. वनस्पती ते स्वतः बनवतात, तेही अगदी थोडं, आणि मुख्यतः धोक्याचा निरोप पोचवण्यासाठी. म्हणून इथे मात्रेला सर्वांत जास्त महत्त्व आहे. लिटरला 69 मिलिग्रॅम उपयोगी पडू शकतं, त्याच्या पाच-दहा पट घेतलं तर उगवण खुंटते.

वनस्पतीत हे आम्ल दोन वाटांनी तयार होतं. दोन्ही वाटा कोरिस्मेट या रेणूपासून निघतात. एक फेनिलअॅलनिन, सिनॅमिक आम्ल आणि बेंझोइक आम्ल यांच्यातून जाते. दुसरी हरितलवकात आयसोकोरिस्मेट बनवते आणि पेशीद्रवात पूर्ण होते. जास्तीच्या आम्लाला ग्लुकोज जोडून ते रिक्तिकेत साठवलं जातं. 1979 मध्ये संशोधक आर. एफ. व्हाइट यांनी तंबाखूच्या पानांत अॅस्पिरिन (सॅलिसिलिक आम्लापासून बनणारं औषध) टोचल्यावर मोझॅक विषाणूचे डाग कमी होतात हे दाखवलं. संसर्ग झाल्यावर वनस्पतीतलं स्वतःचं सॅलिसिलिक आम्ल वाढतं, हे 1990 मध्ये स्पष्ट झालं.

मूळ द्रावण

प्रयोगशाळेच्या दर्जाची शुद्ध पूड घ्या. मुरुमांवरची मलमं किंवा चेहऱ्याचे द्रव चालत नाहीत, कारण त्यांतले इतर घटक बियांना मारक ठरू शकतात. पूड नाकाडोळ्यांना झोंबते, तेव्हा हातमोजे आणि मास्क घालूनच मोजा. 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा लागेल.

नुसत्या पाण्यात हे आम्ल लिटरला साधारण 2 ग्रॅमच विरघळतं, तेही सावकाश. बरेच जण ते आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवतात. आमच्या मते खाण्याचा सोडा जास्त चांगला: अल्कोहोलचा वेगळा परिणाम मोजावा लागत नाही आणि आम्लता तिथेच उतरते. 250 मिलिलिटरच्या काचेच्या भांड्यात 80 मिलिलिटर कोमट ऊर्ध्वपातित पाणी घ्या, त्यात 0.84 ग्रॅम सोडा विरघळवा आणि 1.38 ग्रॅम आम्ल चिमटीचिमटीने टाकत ढवळा. फेस येतो, म्हणून भांडं मोठं हवं. फेस थांबून द्रावण नितळ झालं की पाणी घालून बरोबर 100 मिलिलिटर करा. हे 100 मिलिमोलरचं (मिलिमोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचं एकक) मूळ द्रावण झालं. तळाशी कण राहिले तर सोडा कमी पडला आहे. चिमूटभर आणखी घाला.

लोखंडी भांडं किंवा चमचा वापरू नका. लोहाशी संयोग झाला की द्रावण जांभळं होतं. बोअरच्या पाण्यात लोह असेल तरी तसंच घडू शकतं. तयार द्रावण तपकिरी बाटलीत, थंड जागी ठेवा. ते तपकिरी पडलं तर टाकून द्या.

पातळ करणं आणि सामू

एक लिटर पाण्यात 5 मिलिलिटर मूळ द्रावण घातलं की 0.5 मिलिमोलर, म्हणजे लिटरला 69 मिलिग्रॅम होतं. सामूपट्टीने तपासा. सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) 6 ते 7 च्या दरम्यान हवा.

ही पायरी टाळू नका. सोडा न घालता केलेल्या 0.5 मिलिमोलर द्रावणाचा सामू सुमारे 3.4 असतो. अशा द्रावणातलं जवळपास चौथाई आम्ल विद्युतभाररहित असतं आणि ते पेशीपटलातून सहज आत शिरतं. सामू 6 ला जवळजवळ सगळं आयन रूपात असतं, त्यामुळे तितक्या झपाट्याने शिरत नाही. म्हणजे मात्रा तीच ठेवूनही परिणाम वेगळा येतो. सामू न नोंदवता केलेली तुलना आम्हाला विश्वासार्ह वाटत नाही.

बियाणं भिजवणं

बियांच्या वजनाच्या पाचपट 0.5 मिलिमोलर द्रावण घ्या. गहू, टोमॅटो यांना खोलीच्या तापमानात 6 ते 8 तास पुरतात. घेवडा, सोयाबीन यांसारख्या बिया पाणी झपाट्याने ओढतात आणि साल फाटून आतला ऐवज बाहेर झिरपतो. त्यांना 2-3 तासच द्या, तेही आधी थोड्या बियांवर पाहून. मग साध्या पाण्याने धुवा आणि मूळ वजनाजवळ येईपर्यंत सावलीत पसरून वाळवा. ओल्या पोत्यात बांधून ठेवलं तर बुरशी येते.

तुलनेसाठी तीन गट करा: कोरडं बियाणं, नुसत्या पाण्यात भिजवलेलं आणि द्रावणात भिजवलेलं. प्रत्येक गटात 25 बियांच्या चार ताटल्या ठेवा. मुळाचं टोक 2 मिलिमीटर बाहेर आलं की बी उगवलं असं धरा. पाण्याच्या गटापेक्षा फरक दिसला तरच श्रेय आम्लाला द्या. नुसतं भिजवल्यानेही उगवण लवकर होते.

फवारणी

तीच 0.5 मिलिमोलर मात्रा, संध्याकाळी, पानं ओली होतील इतपतच. आधी दोन-तीन झाडांवर फवारून तीन दिवस थांबा. कडा करपल्या तर मात्रा निम्मी करा. जास्त मात्रेत झाडाची शक्ती वाढीऐवजी संरक्षणाकडे वळते आणि रोपं खुजी राहतात.

पिकावर अळ्या पडल्या असतील तर मात्र फवारू नका. पानं कुरतडणाऱ्या किडींविरुद्ध झाड जॅस्मोनिक आम्ल या दुसऱ्या संप्रेरकाच्या निरोपावर चालतं आणि सॅलिसिलिक आम्ल बहुतेक वेळा तो निरोप दाबतं. जिवंत पेशींवर जगणाऱ्या भुरी, तांबेरा यांसारख्या रोगांविरुद्ध हे आम्ल साथ देतं, पण पेशी मारून खाणाऱ्या बुरशींपुढे ते झाडाला कमजोरही करू शकतं.