पिवळा रंग कुठे, कोणता आणि कसा वापरावा

पिवळा म्हणजे आनंद, असे एका ओळीत सांगून मोकळे होता येते. मराठवाड्यात मात्र तेवढ्याने भागत नाही. साडी घ्यायची असो वा मंडप सजवायचा असो, तो कोणता पिवळा आणि कशावरचा पिवळा, हे आधी पाहावे.

सुरुवात हळदीपासून करावी. हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि हीच हळद देवाच्या दारी भंडारा होते. माळेगावच्या यात्रेत खंडोबाच्या पालखीवर ‘येळकोट येळकोट जय मल्हार’च्या गजरात भंडारा उधळला जातो, तेव्हा त्या पिवळ्यात सौम्य असे काही नसते. लग्नघरी नवरीला लागणाऱ्या उष्ट्या हळदीत मात्र आनंदाबरोबर माहेर सुटण्याची हुरहुरही असते. त्यामुळे हळदीच्या कार्यक्रमाला किंचित केशरीकडे झुकणारा, उबदार पिवळा निवडावा. लिंबाच्या सालीसारखा हिरवट पिवळा पांढऱ्या दिव्यांखाली चेहरा निस्तेज करतो आणि पाहणाऱ्याला कावीळ आठवते.

जोडीला तांबडा घ्यावा. चिमूटभर हळदीवर ओल्या चुन्याचे बोट फिरवले की ती पाहता पाहता तांबडी होते; पारंपरिक कुंकू याच गुणावर बनते. हळदीच्या कपड्याला साबण लागताच डाग लालसर होतो तोही यामुळेच, तेव्हा घाबरून घासत बसू नये. कपडा भरपूर पाण्यात खळबळून कडक उन्हात वाळत घालावा, हळदीचा रंग उन्हात विटतो.

लग्नपत्रिकेचा कागद पिवळाधमक घेऊ नये. कोपऱ्यांना लावलेली हळद त्यावर दिसतच नाही, आणि ते बोट पाहिल्याशिवाय आमंत्रण पोहोचल्याचे समाधान वडीलधाऱ्यांना होत नाही. दशक्रियेच्या पत्रकात हा रंग टाळावा, हे वेगळे सांगायला नको.

शेतकऱ्यांसाठी फलक करणाऱ्याने अधिक जपावे. शेंगा भरल्यानंतर सोयाबीनची पाने पिवळी पडून गळू लागली, तर काढणी जवळ आल्याचा दिलासा असतो. शेंगा भरण्याआधीच पानांवर हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांची नक्षी उमटली, तर तो पिवळा मोझॅक असू शकतो आणि पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. हा रोग पसरवणारी पांढरी माशी पिवळ्या रंगाकडेच ओढली जाते, म्हणून शेतात पिवळे चिकट सापळे लावतात. फलकावर नुसते पिवळे पान न काढता भरलेली शेंगही दाखवावी.

सरकारी योजनेच्या माहितीपत्रकात पिवळ्या चौकटीचा अर्थ आधीच ठरलेला असतो. १ मे १९९९ पासून राज्यात तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या आणि पिवळी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची झाली. ती कोणी चारचौघांत काढायला संकोचतो, तर कोणी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जिवापाड जपतो. योजना सर्वांसाठी असेल तर पिवळी चौकट घालू नये. केशरी कार्डवाले ते पत्रक न वाचताच बाजूला ठेवतील.