एअरेटर म्हणजे नेमकं काय, आणि फिश टँकला तो लावायचा कसा

दुकानात गेलं की सगळे म्हणतात "ऑक्सिजनची मोटर द्या", आणि दुकानदारही बरोबर तीच काढून देतो, त्यामुळे एअरेटर हा शब्द लोकांना भेटतो तो थेट खोक्यावर. पाण्यात हवा मिसळायची कुठलीही सोय म्हणजे एअरेटर. यात ऑक्सिजन कुठे तयार होत नाही, खोलीतली साधी हवा, जिच्यात साधारण २१ टक्के ऑक्सिजन असतो, तीच पाण्यापर्यंत पोचवायची. कोविडमध्ये घरोघरी आलेलं काँसंट्रेटर वेगळं, ते हवेतला नायट्रोजन बाजूला काढून पेशंटला जास्त ऑक्सिजनवाली हवा देतं. आणि ऑक्सिजनेटर म्हणजे बायपासच्या वेळी हार्ट-लंग मशीनमध्ये रक्तात ऑक्सिजन घालतो तो. ऑनलाइन सर्च करताना तिन्हींची खिचडी होते म्हणून आधीच सांगितलं.

आता टँक. बुडबुडे दिसले की ऑक्सिजन मिळतोय असं वाटतं, पण फूट-दीड फूट उंचीच्या टँकमध्ये बुडबुडा एक-दोन सेकंदात वर येऊन फुटतो, तेवढ्यात तो काय देणार? खरं काम होतं पाण्याच्या वरच्या थराला. बुडबुडे वर जाताना तळाचं पाणी सोबत ओढतात, पृष्ठभाग हलता राहतो आणि हवेतला ऑक्सिजन तिथून आत जातो. म्हणून झाकण घट्ट बंद ठेवू नका, आणि पाण्यावर तेलकट साय धरली असेल तर ती टिश्यू पेपरने टिपून घ्या. तोंड उघडणारी खजिन्याची पेटी, रंगीत लाईटवाला दगड वगैरे पोरांसाठी ठीक, मी तरी त्यावर पैसे घालणार नाही, त्यापेक्षा स्पंज फिल्टर घ्या, हवाही फिरते आणि पाणीही गाळलं जातं.

उन्हाळ्यात मात्र सावध राहा, कारण पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्रसपाटीला २० डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० डिग्रीला साडेसातच, आणि पुणं साडेपाचशे मीटरवर असल्याने आपल्याकडे त्याहून थोडा कमीच. एप्रिल-मे मध्ये पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर आधी हवा वाढवा, खाणं कमी करा. फायटर आणि गुरामी मात्र मुळातच वर येऊन हवा घेतात, ते बघून घाबरू नका. टँकमध्ये खऱ्या वनस्पती असतील तर मोटर रात्री नक्की चालू हवी, अंधारात झाडंही ऑक्सिजनच वापरतात.

लावताना पंप शक्यतो पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, शेल्फवर किंवा भिंतीला टांगून. खाली ठेवला आणि लाईट गेली तर पाणी उलट नळीतून पंपात उतरतं, पंप जातो आणि फरशीवर तळं होतं ते वेगळंच. वर जागाच नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व टाका, म्हणजे पाणी उलट येऊ न देणारी झडप, छोटासा असतो, फक्त दिशा बघा, तोंडाने फुंकून हवा ज्या बाजूने आत जाते ती बाजू पंपाकडे यायला हवी. नळी ४ मिलिमीटरची सगळीकडे मिळते, ती कुठे दुमडू देऊ नका. दगड, म्हणजे नळीच्या टोकाला लावायचा, बुडबुडे सोडणारा एअर स्टोन, लावायच्या आधी थोडा वेळ पाण्यात भिजवा, नंतर कधी बुडबुडे मोठे आणि कमी यायला लागले तर दगड तुंबलाय, बदलून टाका, लगेच नवी मोटर घेऊ नका. पंप फार गुरगुरत असेल तर खाली जुन्या स्लिपरचा तुकडा ठेवा 😀

पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीचा वार, कधी पाणी बंद, कधी लाईट बंद, कधी दोन्ही, तेव्हा सेलवर चालणारा छोटा पंप किंवा पॉवर बँकेवरचा यूएसबी पंप घरात असू द्या. तोही नसेल तर मगभर टँकचंच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून परत सोडत राहा, थोड्या थोड्या वेळाने. काम होतं. शुक्रवारी नळाला आलेलं पाणी थेट टँकमध्ये ओतू नका, बादलीत दगड सोडून रात्रभर हवा द्या, क्लोरीन उडून जातो, घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब आहेतच.

सोसायटीच्या एसटीपीतला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटमधला, हवा ढकलणारा ब्लोअरही एअरेटरच, पण तिथला हिशोब वेगळा. टाकी खोल असते, तळाच्या बारीक भोकांच्या डिफ्यूझरमधून निघालेला बारीक बुडबुडा बराच वेळ पाण्यात राहतो, त्यामुळे तिथे बुडबुडाही खरोखर ऑक्सिजन देतो, घाण खाणाऱ्या जिवाणूंना. लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन राहिला पाहिजे, बिल वाचवायला कमिटीने रात्री ब्लोअर बंद ठेवला की सकाळी वास येणारच.

नळाच्या तोंडाची जाळी, तिलाही एअरेटरच म्हणतात, पण तिथे ऑक्सिजनचा संबंध नाही, धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडायचं एवढंच. घेताना नळाचा आटा बघा, २२ की २४ मिलिमीटर, आणि आतला की बाहेरचा. वाघोली, उंड्रीकडे टँकर-बोअरच्या पाण्याने जाळीवर पांढरा थर बसून धार वेडीवाकडी होते, तेव्हा ती हाताने फिरवून काढा, वाटीभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा.