दोन पियानोंची प्रत घेताना

नॉर्वेचा संगीतकार ग्रीग याचा ए मायनर कन्चेर्तो (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) बसवायचा असेल, तर दोन पियानोंच्या आवृत्तीच्या दोन प्रती घ्या. एकाच पानावर वर मुख्य वादकाचे आणि खाली ऑर्केस्ट्राचे संक्षिप्त रूप छापलेले असते. एका प्रतीत दोघांना डोके घालून वाजवणे अशक्यच. दोन्ही प्रती एकाच प्रकाशकाच्या हव्यात, नाहीतर पानांचा मेळ बसत नाही.

प्रत कोणत्या पाठावर आधारलेली आहे, हे प्रस्तावनेत जरूर वाचा. 1868 मध्ये लिहिलेली ही रचना ग्रीग 1907 पर्यंत, म्हणजे मृत्यूच्या वर्षापर्यंत, दुरुस्त करत राहिला. पहिल्या भागातली दुसरी धून आधी ट्रम्पेटला होती, पुढे ती चेलोकडे गेली. म्हणून दुसऱ्या पियानोवाल्याने मूळ वाद्यांची नावे पेन्सिलीने लिहून ठेवावीत. चेलोची ओळ आहे हे समोर दिसले की बोटे आपोआप जोडून, गाऊन वाजवतात. सुरुवातीचा टिंपनीचा (मोठ्या नगाऱ्यांचा) गडगडाट मात्र पियानोवर ट्रेमोलोनेच, म्हणजे सूर झपाट्याने आलटून-पालटून वाजवून, काढावा लागतो. तो अगदी हलका सुरू करून वाढवत न्या, पेडल बेताने.

पुढे ऑर्केस्ट्रासोबत वाजवायचे असेल, तर तालमीची अक्षरे (तालमीत जागा सांगण्यासाठी छापलेल्या खुणा) त्यांच्या स्कोअरशी, म्हणजे सर्व वाद्यांच्या एकत्र प्रतीशी, आताच जुळवून घ्या.